डाव्या हाताचा धावदोरा

त्या पोरीला शिवण शिकवायचं कुणी ठरवलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कधी वाटतं, तिनंच हट्ट धरला. कधी वाटतं, तिच्या आईनं सुचवलं. आणि कधी असंही वाटतं, की रोज दुपारी ती माझ्या मशिनीखाली बसून चिंध्या उचकत असायची, त्याचा मला वैताग आला आणि तिला एका जागी गुंतवून ठेवायला मीच तिच्या हातात सुई दिली. तिन्ही खरं असेल. त्या दिवसांतल्या बऱ्याच गोष्टींचं माझं असंच आहे. काय झालं ते आठवतं, का झालं ते धरायला गेलं की निसटतं.

आम्ही तेव्हा बजाजनगरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. वर पत्रे, मागं मोरी, पुढं हातभर ओटा. आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. माझं माहेर धनगराचं. वडील मेंढरं राखायचे, भावानं पुढं मेंढरं कमी करून शेती धरली. सासरीही तसंच. वाळूजला कारखाने आले तशी गावातली तरणी माणसं एकेक करून इकडं निघाली, त्यात आमचे हेही निघाले. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांना काम लागलं. लग्नात मिळालेली पायमशीन टेंपोत घालून मी मागोमाग आले. ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून गावाकडं बोलणी सुरू झाली होती. शहराला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणत. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. माझ्या तोंडी अजून कधी हे येतं, कधी ते.

शेजारच्या दोन खोल्यांत ती पोर आणि तिचे आईवडील. वडील आमच्या ह्यांच्याच कारखान्यात, त्याच खात्यात. आई एका लहान कारखान्यात खोकी भरायच्या कामाला जायची. पोर सहा वर्षांची, पहिलीत. सकाळची शाळा सुटली की आई येईपर्यंत ती माझ्याकडं. तिच्या आईनं एकदा विचारलं होतं, मी बरं म्हटलं होतं, एवढंच त्याबद्दल बोलणं झालं. मला ती काकू म्हणायची. तिची आई आणि मी एकमेकींना ताई म्हणायचो, दोघी एकाच वयाच्या असू.

मला स्वतःला हातशिवण कुणी शिकवलं नव्हतं. माझी आई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची, मी शेजारी बसून बघायची, आणि एक दिवस मीही शिवत होते. मशीन तेवढी पुढं फुलंब्रीला एका शिंपीणबाईंकडं शिकले. त्यामुळं सहा वर्षांच्या मुलीला सुरुवात कुठून करून द्यायची, हे मला कळेना. पहिल्या दिवशी मी तिला सुई ओवून दिली, एक कापडाचा तुकडा दिला आणि म्हटलं, शिव. तिनं टाका घातला की कापड गोळा व्हायचं. दोरा ओढला की सुईतून निघून यायचा. चौथ्यांदा सुई टोचल्यावर तिनं ती खाली ठेवली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मीच टोचली होती.

दुसऱ्या दिवशी मी मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, दाभणानं त्याला गोल भोकं पाडली, आणि लोकरीचा धागा ओवून मोठी बोथट सुई तिला दिली. वरून खाली, मग खालून वर, असं सांगितलं. ती दोन भोकं बरोबर गेली, आणि मग सुई काठावरून फिरवून पुन्हा वरूनच घातली. तसंच सगळं वर्तुळ केलं. मी म्हटलं, चुकलं. तिनं झाकण उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं की काय चुकलं. दोन्ही बाजूंनी तर छान दिसतंय. मी बघितलं तर खरंच छान दिसत होतं. मी म्हटलं, असं नसतं. ती म्हणाली, बरं. पण कसं असतं आणि का, हे मला सांगता आलं नाही. रात्री स्वयंपाक करताना मी त्याचाच विचार करत होते.

मग मांजरपाटाच्या तुकड्यावर खडूनं रेघ ओढून दिली आणि धावदोरा घालायला शिकवला. एक टाका वर, एक टाका खाली, एवढंच ते काम. मी तिला शेजारी घेऊन बसले, माझ्या तुकड्यावर घालून दाखवलं. तिचं सगळं उलटं होत होतं. मी उजवीकडून डावीकडं जायचे, ती डावीकडून निघायची. मी तिचा तुकडा फिरवून द्यायचे, ती पुन्हा फिरवायची. अर्धा तास असा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिची सुई डाव्या हातात आहे.

हे मला आधी कसं दिसलं नाही, ते माहीत नाही. ती उजव्या हातानं लिहायची, उजव्या हातानं जेवायची. मी सुई काढून तिच्या उजव्या हातात दिली. तिनं तीन वेडेवाकडे टाके घातले. मी मशिनीकडं वळले, पुन्हा बघितलं तर सुई डाव्या हातात, आणि टाके सरळ.

संध्याकाळी मी तिच्या आईला विचारलं. तिनं सांगितलं की शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारून पेन्सिल उजवीकडं केली. घरी घास उजव्या हातानं घ्यायला आजीनं लावलं. बाकी सगळं डावंच. मी विचारलं की शिवायला मी कोणता हात धरू. ती म्हणाली, मला काय कळत नाय ताई, तुम्हाला जमंल तसं शिकवा. पोरीच्या वडलांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, चालंल तसं चालू द्या. म्हणजे मारूनमुटकून उजव्यावर आणायची, की आहे तशी ठेवायची, हे माझ्यावरच आलं, आणि मला दोन्ही पटत होतं.

मी डाव्या हातानं शिवून बघितलं. माझे टाके बघून ती पोर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनंच माझ्या हातातून सुई घेतली आणि अशी धरायची काकू, असं मला शिकवू लागली. कोण कुणाला शिकवतंय तेच कळेना.

मार्ग सापडला तो चुकून. एक दिवस वीज गेली, म्हणून आम्ही उजेडासाठी दाराच्या उंबऱ्याशी बसलो. जागा कमी, म्हणून ती शेजारी न बसता माझ्यासमोर बसली. मी उजवा हात उचलला, तिनं डावा उचलला. माझी सुई जिकडं गेली तिकडंच तिची गेली. आरशात बघावं तसं. ती एकदम थांबली आणि म्हणाली, आता बरोबर. त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर बसायचो. फक्त कात्रीचं जमलं नाही. माझी कात्री तिच्या डाव्या हातात कापड कापायचीच नाही, नुसती दोन पात्यांत दुमडून घ्यायची. कापायचं मी आणि शिवायचं तिनं, असं झालं.

मग एकेक वस्तू होत गेली. आधी हातरुमालाच्या कडा दुमडून हेम घातली. मग जुन्या शर्टाच्या पट्टीवर ओळीनं आठ बटणं लावली. त्यातली तीन बटणं तिनं पट्टीसकट स्वतःच्या फ्रॉकला शिवून टाकली होती, ती उसवावी लागली. मग टाचण्या खोचायची एक गादी केली. तीन बाजू शिवून झाल्या की चौथ्या बाजूनं लाकडाचा भुसा भरायचा आणि तोंड बंद करायचं. खोक्यांत भरायचा भुसा तिची आई कारखान्यातून आणायची. आणि मग चिंचोके ठेवायला थैली, वर नेफा आणि त्यात नाडी. थैलीला मी उलटी टीप शिकवायला घेतली. एक पाऊल मागं, दोन पुढं. तिला ते कळायला आठ दिवस लागले. पुढं जायचं तर मागं का यायचं, असं ती विचारायची. मी म्हणायचे, पक्कं होतं म्हणून.

त्याच हिवाळ्यात नामांतराचं पुन्हा पेटलं. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये, हा वाद माझ्या लहानपणापासूनचा. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा वडलांनी मेंढरं लांबच्या माळावर नेली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन आठ दिवस तिथंच राहिले. गावाकडं काळा धूर दिसत होता. काय झालं म्हणून विचारलं तर आईनं गप्प बस म्हटलं. परत आलो तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतली काही घरं नव्हती. तिथल्या माझ्या वर्गातल्या दोन मुली पुन्हा शाळेत आल्या नाहीत. मी कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

शेजारचं घर बौद्धांचं होतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या भिंतीवर तसबीर होती, ती माझ्या ओट्यावरून दिसायची. पण माहीत असणं आणि त्याचा विचार करणं ह्यात फरक असतो, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पोरीचे वडील सुट्टीच्या दिवशी मोर्चाला, सभेला जायचे. आमचे हे कुठंच जायचे नाहीत. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं की कारखान्यात डबा खायची टेबलं आता वेगवेगळी झालीत. पूर्वी हे दोघं एकत्र बसायचे. मी विचारलं, मग तुम्ही कुठं बसता? ते म्हणाले की कळत नाही कुठं बसावं, म्हणून मशिनीपाशी उभ्यानंच खातो. आमच्या दोन्ही घरांत विद्यापीठाची पायरी चढलेलं कुणी नव्हतं.

त्या दिवसांत माझा भाऊ गावाहून ज्वारी घेऊन आला. पोर समोर बसून शिवत होती. तिनं पाणी मागितलं. मी फळीवरचा लहान पेला काढून माठातलं पाणी दिलं. भावानं विचारलं, कुणाची ही? मी सांगितलं. मी त्याला पाणी दिलं तर म्हणाला, आत्ताच प्यालो. उन्हातून आलेला माणूस.

पोर घरी गेल्यावर तो म्हणाला, "अक्का, तिचा पेला येगळा ठिवलाय, ते बरं केलं."

पेला वेगळा होता हे खरं होतं. लहान होता, तिच्या हातात मावायचा, म्हणून ठेवला होता. की तसं नव्हतं? पहिल्या दिवशी मी फळीकडं हात नेला तेव्हा मनात काय होतं, हे मी त्या रात्री खूप आठवून बघितलं. आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या रोजच्या मोठ्या पेल्यातून पाणी दिलं. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, पाणी फ्रॉकवर सांडलं, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, "माझा पेला कुठाय?"

मी तो काढून दिला. मग मलाच बरं वाटेना. पुढं काही दिवस मी कधी हा देत होते, कधी तो. आणि कधी त्या लहान पेल्यातून मी स्वतः पाणी प्यायचे, कुणी बघत नसताना, म्हणजे कुणाला काय दाखवण्यासाठी प्यायचे तेही कळत नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी शहर बंद झालं. सकाळी कुणाला खबर नव्हती. पोरीची आई रजा घेऊन शहरात तिच्या आजारी आईकडं गेली होती. आमचे हे आणि पोरीचे वडील दोघंही पहिल्या पाळीला. शाळेनं मुलांना लवकर सोडलं, पोर माझ्याकडं आली. अकरा वाजेपर्यंत बस बंद, रिक्षा बंद, दुकानांची शटरं खाली. कोपऱ्यावर माणसं जमली. कोणत्या बाजूची ते मला खिडकीतून ओळखू येईना. कुणी म्हणालं शहरात दगडफेक झाली, कुणी म्हणालं काही झालेलं नाही. पहिली पाळी सुटायची वेळ झाली तरी दोघं घरी आले नाहीत. दुसऱ्या पाळीचे लोक पोचले नव्हते, म्हणून पहिल्या पाळीलाच थांबवून घेतलं होतं, हे मागून कळलं.

मी दाराला आतून कडी घातली. पोर मशिनीपाशी खाली बसून थैलीच्या नेफ्याला टीप घालत होती. मी समोर बसले, पण माझे टाके मोठे मोठे पडत होते. ती म्हणाली, काकू, तुमचं चुकतंय.

तीनच्या सुमाराला दार वाजलं. आमच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ होते, मोठ्या शेतकरी घराण्यातले, कारखान्यात वरच्या जागेवर. आमचे हे त्यांना मान द्यायचे. कोपऱ्यावरच्या घोळक्यात मी त्यांना थोड्या वेळापूर्वीच बघितलं होतं. दार न उघडता मी विचारलं, कोण आहे. त्यांनी नाव सांगितलं आणि विचारलं, "वहिनी, शेजारची पोर तुमच्याकडं हाय का?"

मी म्हटलं, "नाय. इथं कुणी नाय."

ते थोडा वेळ उभे राहिले. दोनदा विचारलं, नक्की का. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांची पावलं गेली. मी मागं वळले, तर पोर सुई हातात धरून माझ्याकडं बघत होती. मी तोंडावर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं, डाव्या हाताचं. मग ती परत शिवायला लागली आणि मला वाटलं, झालं, लेकरू ते, विसरलंही असेल.

काय झालं होतं, ते असं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता, सगळी गल्ली तोच वापरायची. शटर खाली असलं तरी दुकानदार आत होता. पोरीच्या आईनं शहरातून तिथं फोन केला होता, की मी अडकले आहे, शेजारच्या ताईंना सांगा पोरीला जेवू घाला, तिला बाहेर सोडू नका. दुकानदारानं तो निरोप त्या गृहस्थांना दिला. निरोप सांगण्याआधी पोर तिथं आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. अर्ध्या तासानं तिनं पुन्हा फोन केला, तेव्हा तिला सांगितलं गेलं की पोर तिथं नाही.

ती तशीच निघाली. तिची आई छावणीत राहायची, तिथून पायी. मधे एका दुधाच्या गाडीनं थोडं अंतर आणलं, गाडीवाल्यानं तिला वाळूजच्या अलीकडंच उतरवलं. ती आधी शाळेत गेली. शाळेला कुलूप. मग शाळेच्या शिपायाच्या घरी, मग दवाखान्यात, मग कारखान्याच्या फाटकावर. फाटकातून नवऱ्याला निरोप जाईना. तिकडं ते गृहस्थही दोन माणसं घेऊन मोकळ्या प्लॉटांवर, नाल्याच्या कडेनं तिला शोधत फिरत होते. हे सगळं चाललेलं असताना ती पोर माझ्या घरात बसून नाडी ओवत होती. नाडीच्या टोकाला मी मोठी पिन लावून दिली होती, ती नेफ्यातून पुढं सरकवायची. ती आत अडकली की पोर मला हाक मारायची.

अंधार पडल्यावर दार वाजलं. मी विचारलं, कोण. बाहेरून उत्तर आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. पोर म्हणाली, आई आहे. मी कडी काढली.

तिच्या पायात एकच चप्पल होती. तिनं पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दारातच खाली बसली. पोर तिच्याकडं धावली नाही. थैली दाखवत म्हणाली, झाली बघ. मग म्हणाली, "काकूंनी सांगितलं मी नाय म्हणून."

मला समजावून सांगायचं होतं. मी बोलायला लागले, की मला वाटलं ते लोक, म्हणजे मला वाटलं की त्यांनी का विचारलं असेल, आणि दारं बंद, आणि हे घरी नाहीत. बोलता बोलता माझ्याच कानांना ते खोटं वाटायला लागलं. तिनं हात वर केला, पुरे अशा अर्थानं. पोरीला उचललं आणि घरी गेली. थैली माझ्याकडंच राहिली.

पुढं चार दिवस पोर आली नाही. आई तिला बरोबर कामावर घेऊन जायची. ते गृहस्थ रस्त्यात भेटले तर त्यांनी मान दुसरीकडं वळवली. त्यांचंही बरोबर होतं. अंधार पडेपर्यंत ते त्या पोरीसाठी फिरले होते, आणि मी त्यांना काय समजले होते, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, माझं चुकलं का? ते म्हणाले, पोर सुखरूप राहिली ना. मी म्हटलं, ती तशीही राहिली असती. ते म्हणाले, ते आत्ता कळतंय.

पाचव्या दिवशी तिची आई एकटीच आली. ओट्यावर बसली. मी चहा ठेवायला उठले, ती नको म्हणाली. मग हो म्हणाली. चहा निम्मा झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, एक सांगा. तवा तुम्हाला पोरीचं भ्याव वाटलं, का तुमच्या घरात ती हाय हे त्यांना कळायचं भ्याव वाटलं?"

मी म्हटलं, "पोरीचं."

तिनं चहाचा एक घोट घेतला.

मी म्हटलं, "दुसरंबी असंल. मला खरंच कळत नाय."

तिनं कप खाली ठेवला. "मलाबी कळत नाय," ती म्हणाली. "तुमचा लई राग आला मला. रस्त्यानं चालताना तुम्हाला किती बोलले असंल. आन् मग दार उघडलं तर पोर शिवत बसलेली. आता राग कुठं ठिवावा ते कळंना झालंय." मग तिनं सांगितलं, की पोर रोज विचारते, काकूंना माझी लाज वाटली का. तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवसापासून पोर पुन्हा येऊ लागली. मी ठरवून ठेवलं होतं, की तिनं विचारलं की जवळ घेऊन सांगायचं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडं न बघता. मी म्हटलं, मला भीती वाटली होती. तिनं विचारलं, कुणाची. मी म्हटलं, त्या माणसांची. ती म्हणाली, पण ते काका मला गोळ्या देतात. मी म्हटलं, हो. मग आम्ही दोघी शिवत बसलो. ती आता समोर बसायची खरी, पण पूर्वीपेक्षा थोडी मागं, भिंतीला टेकून. की मलाच तसं वाटत होतं?

संक्रांतीच्या सुमाराला विद्यापीठाचं नाव बदललं. मी दरवर्षी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचे. पोरीच्या आईला पूर्वी बोलवत नव्हते, कारण ते लोक हळदीकुंकू करत नाहीत असं मी समजत होते. त्या वर्षी बोलवावं की न बोलवावं, ह्यात माझा सगळा दिवस गेला. बोलवलं तर तिला वाटेल, आत्ताच का. नाही बोलवलं तर वाटेल, आत्ताही नाही. शेवटी वाटीत तिळाचे लाडू घेऊन मी त्यांच्या दारात गेले. दार उघडंच होतं, घर माणसांनी भरलेलं, सगळे नव्या कपड्यांत. ती बाहेर आली. मी वाटी पुढं केली. तिनं घेतली, आत गेली आणि त्याच वाटीत पेढे घालून परत आणली.

कशाचे पेढे ते मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं, कशाचे? तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खावा तर."

मी तिथंच उभ्यानं एक खाल्ला. माझे लाडू तिनं खाल्ले का, ते मी बघितलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी न विचारता दोन पेढे खाल्ले. त्याच आठवड्यात गावाकडून निरोप आला की भाऊ नामांतरावरून चिडलेला आहे, आठ दिवस कुणाशी बोलत नाही. मी त्या दिवशी आनंदात होते की नव्हते, असं कुणी मला आज विचारलं, तर मला सांगता यायचं नाही. पेढा मात्र चांगला होता.

उन्हाळ्यात शेजारच्यांनी शहरापलीकडं जागा घेतली आणि ते निघून गेले. जाण्याआधी पोरीनं एक शेवटची वस्तू केली, स्वतःच्या मनानं. माझ्या चिंध्यांतले तुकडे निवडून, मला न विचारता, एकाला एक जोडत गेली. हे काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, अजून ठरलं नाही. ते तसंच बरोबर घेऊन गेली.

पुढं मला दोन मुली झाल्या. दोघींना शिवण शिकवायला बसवलं, दोघी उजव्या हाताच्या, आणि दोघींना मी सवयीनं समोर बसवलं. त्यांचं सगळं उलटं व्हायला लागलं. मला पुन्हा शेजारी बसून शिकवायला शिकावं लागलं. एकीलाही गोडी लागली नाही.

बऱ्याच वर्षांनी औरंगपुऱ्यात भाजी घेताना त्या पोरीची आई मला भेटली. तिनंच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पण बोलणं तेच. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून खूप वेळ बोललो. पोर शिकून पुण्याला नोकरीला लागली होती, लग्न झालं होतं. शिवते का म्हणून विचारलं, तर ती हसली. म्हणाली, फ्रॉकचं बटण तुटलं तर लेकीला सेफ्टी पिन लावती ती.

मग मला राहवलं नाही. विचारलं, तिला माझी आठवण आहे का. मनात तो बंदचा दिवसच होता, तिनंही ते ओळखलं असावं.

ती म्हणाली, "हाय की. लई सांगती. काकूंनी मला दौलताबादला नेलं होतं, किल्ल्यात अंधार होता तिथं त्यांनी माझा हात धरला होता, आन् खाली आल्यावर पेरू घेऊन दिला, असं सांगती."

मी त्या पोरीला दौलताबादला कधीच नेलं नव्हतं. मी स्वतः तो किल्ला मुली मोठ्या झाल्यावर, शाळेच्या सहलीबरोबर पहिल्यांदा बघितला. तिला दुसऱ्या कुणी नेलं असेल, मावशीनं, शाळेच्या बाईंनी. की मी नेलं होतं आणि विसरले? मी तिच्या आईला सांगणार होते, की ती मी नव्हे. तोंड उघडलंही होतं. पण ती भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत मला विचारत होती, की तो अंधार लई होता का हो, पोर अजून सांगती त्याचं.

मी म्हटलं, "व्हय. लई होता."